ऑलिव्हर क्रॉमवेल: उदय आणि कसोटी

इसवी सन १६४२ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांत राजा व पार्लमेंट ह्यांच्यामध्यें युद्ध जुंपलें. त्या वेळीं ऑलिव्हर क्रॉमवेल नांवाचा एक मध्यम स्थितींतील गृहस्थ त्रेचाळीस वर्षांचा होता. त्यानें तोंपर्यंत एकाही लढाईचें तोंड पाहिलें नव्हतें, आणि युद्धकलेचें शिक्षणही त्यास कोणी दिलें नव्हतें. परंतु पुढील नऊ वर्षांत तो आपल्या देशांतील पहिला सेनापति ठरला, व आणखी दोन वर्षांनीं राजाच्या जागीं देशाचा मुख्य अधिकारी होऊन बसला. ज्या वयांत बहुतेक माणसें आपल्या आयुष्याची घडी बसली असें समजून स्वस्थ होतात, त्या वयांत त्याच्या खऱ्या आयुष्यास आरंभ झाला. हा उदय कशामुळें झाला, आणि ज्या गुणानें त्यास वर चढविलें त्याच गुणाच्या अतिरेकानें त्यास कोठें नेलें, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

क्रॉमवेलचा जन्म ता. २५ एप्रिल १५९९ रोजीं हंटिंग्डन ह्या लहानशा गांवीं झाला. त्याचें घराणें नांवाजलेलें होतें. परंतु त्याचा बाप घराण्यांतील धाकटा मुलगा असल्यामुळें मालमत्ता बेताचीच होती. गांवच्या शाळेंत डॉक्टर टॉमस बिअर्ड नांवाचे शिक्षक होते. देव पाप्यांस ह्याच जगांत कसें शासन करितो, ह्या विषयावर त्यांनीं एक मोठें पुस्तक लिहिलें होतें. जगांतील प्रत्येक घटनेंत देवाचा हात पाहावा, ही शिकवण त्या काळीं सर्वत्रच चालू होती. ऑलिव्हरच्या मनावर ती किती खोल ठसली होती, हें पुढें दिसून येईलच. सन १६१६ मध्यें तो केंब्रिज येथील सिडने ससेक्स कॉलेजांत दाखल झाला. परंतु दुसऱ्याच वर्षीं वडील वारल्यामुळें शिक्षण अर्धवट सोडून त्यास घरीं परतावें लागलें. सन १६२० मध्यें त्याचा विवाह झाला, व १६२८ मध्यें हंटिंग्डनचा प्रतिनिधि म्हणून तो प्रथमच पार्लमेंटांत गेला.

पुढें दिवस फिरले. सन १६३१ मध्यें हंटिंग्डनची बहुतेक मालमत्ता विकून तो सेंट आइव्हज येथें कुळानें जमीन घेऊन राहिला. काल जो पार्लमेंटाचा सभासद होता, तो आज दुसऱ्याच्या शेतावर गुरें पाळून प्रपंच चालवूं लागला. ह्याच सुमारास त्याच्या अंतःकरणांत मोठें धार्मिक परिवर्तन घडून आलें. आपण घोर पापी होतों, परंतु देवानें केवळ आपल्या कृपेनें आपणांस अंधारांतून उजेडांत आणिलें, असें तो सांगे. सन १६३६ मध्यें मामाचा वारसा मिळून तो ईली येथें राहावयास गेला व त्याची स्थिति सुधारली. परंतु दारिद्र्याच्या वर्षांत जें त्याला सांपडलें होतें, तें त्यानें पुढें कधीं सोडिलें नाहीं.

आतां राजा आणि पार्लमेंट ह्यांच्या कलहाचें मूळ थोडक्यांत पाहूं. पहिला चार्ल्स राजा आपली सत्ता थेट देवाकडून आली आहे असें मानी. सन १६२९ पासून १६४० पर्यंत अकरा वर्षें त्यानें पार्लमेंट बोलाविलेंच नाहीं. पैशाची अडचण भागविण्यासाठीं त्यानें जुने कर उकरून काढिले. किनाऱ्यावरील गांवांनीं युद्धप्रसंगीं द्यावयाचा जहाजांचा कर त्यानें साऱ्या देशावर बसविला. ह्याच्या जोडीला धर्माचा वाद होता. इंग्लंडची मंडळी रोमन कॅथॉलिक पंथापासून वेगळी झाली असली, तरी तिच्यांतील जुने विधि व बिशपांची सत्ता नाहींशी करून ती अधिक शुद्ध करावी, असें म्हणणाऱ्या लोकांस प्यूरिटन हें नांव पडलें होतें. पवित्र शास्त्राचें वाचन, उपदेश, शब्बाथाचें पालन व साधी राहणी ह्यांवर त्यांचा भर असे. राजाचा आर्चबिशप विल्यम लॉड ह्यानें त्यांच्यावर कडक निर्बंध घातले, आणि पुष्कळ प्यूरिटन कुटुंबें समुद्र ओलांडून अमेरिकेस गेलीं. क्रॉमवेल मनानें पक्का प्यूरिटन होता. सन १६४० मध्यें राजास निरुपायानें पार्लमेंट बोलवावें लागलें, तेव्हां तो केंब्रिजचा प्रतिनिधि म्हणून निवडून आला. ता. ४ जानेवारी १६४२ रोजीं चार्ल्स राजा शिपाई बरोबर घेऊन पांच सभासदांस पकडण्यासाठीं खुद्द सभागृहांत शिरला, आणि तेथून समेटाची आशा संपली. त्या वर्षीं ता. २२ ऑगस्ट रोजीं नॉटिंगहॅम येथें राजानें आपलें युद्धनिशाण उभारिलें.

क्रॉमवेलचा स्वभाव वाट पाहत बसण्याचा नव्हता. केंब्रिजच्या कॉलेजांनीं आपलीं चांदीचीं भांडीं राजाच्या मदतीस पाठविण्याचें ठरविलें आहे, ही बातमी लागतांच त्यानें कांहीं हत्यारबंद माणसें जमवून तीं बाहेर जाण्याचा मार्ग रोखिला. नंतर आपल्या भागांतील सुमारें साठ स्वार गोळा करून तो त्या तुकडीचा कॅप्टन झाला. ऑक्टोबर महिन्याच्या २३ व्या तारखेस एजहिल येथें पहिली मोठी लढाई झाली. तींत कोणताच पक्ष निश्चित जिंकला नाहीं. परंतु राजाच्या पुतण्यासारखा असलेला त्याचा तरुण भाचा प्रिन्स रूपर्ट ह्याच्या घोडदळानें पार्लमेंटाच्या स्वारांची जी दाणादाण उडविली, ती क्रॉमवेलच्या नजरेंतून सुटली नाहीं.

ह्या प्रसंगानंतर आपला नातलग जॉन हॅम्पडन ह्याच्याशीं त्याचें जें बोलणें झालें, तें त्यानेंच पुढें १६५७ मध्यें एका भाषणांत सांगितलें आहे. त्याचा आशय असा: तुमच्या सैन्यांत नोकरी सुटलेले म्हातारे सेवक आणि दारूच्या गुत्त्यांतील पोरें भरलीं आहेत, समोरच्या बाजूस मानी घराण्यांतील तरुण आहेत. मानासाठीं जीव देणाऱ्या माणसांपुढें असले भाडोत्री टिकतील कसे? त्यांच्या तोडीचें कांहीं तरी आपल्या माणसांच्या अंगीं असलें पाहिजे. हॅम्पडनला ही कल्पना चांगली पण अशक्य वाटली. क्रॉमवेलनें मात्र ती शक्य करून दाखविण्याचा निश्चय केला. घराण्याचा अभिमान आपल्या शिपायांस देतां येणें शक्य नव्हतें. म्हणून ज्यांना आपण कशासाठीं लढतों हें कळतें, आणि ज्यांच्या ठायीं देवाचें भय आहे, अशीं माणसें त्यानें शोधून काढिलीं. हीच त्याच्या उदयाची पहिली पायरी होय.

हीं माणसें बहुधा स्वतःची थोडी जमीन असलेले शेतकरी आणि त्यांचे मुलगे अशीं होतीं. त्यांना वेळेवर पगार मिळावा, चांगले घोडे मिळावे व हत्यारें नीट असावीं, म्हणून क्रॉमवेल पत्रांवर पत्रें लिही. उपाशी शिपायाला शिस्त शिकवितां येत नाहीं, हें तो जाणून होता. शिस्तही तशीच कडक होती. देवाचें नांव व्यर्थ घेणाऱ्यास बारा पेन्स दंड होई, आणि दारू पिऊन झिंगणाऱ्यास लांकडी खोड्यांत अडकवून बसवीत. सन १६४३ च्या मे महिन्यांत ग्रँथॅमजवळ, जुलै महिन्यांत गेन्सबरो येथें व ऑक्टोबरांत विन्स्बी येथें ह्या स्वारांनीं लागोपाठ जय मिळविले, आणि साठ स्वारांच्या एका तुकडीच्या वाढत वाढत चौदा तुकड्या झाल्या.

अधिकारी निवडतांना तो कूळ पाहत नसे. नुसत्या गृहस्थ म्हणविणाऱ्यापेक्षां जाड्याभरड्या कापडाचा अंगरखा घालणारा पण आपलें ध्येय ओळखणारा कॅप्टन आपणांस अधिक प्रिय आहे, अशा आशयाचें त्याचें १६४३ मधील पत्र प्रसिद्ध आहे. कित्येक मोठ्या लोकांस हा प्रकार रुचला नाहीं. पुढच्या वर्षीं एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें एका दुय्यम अधिकाऱ्यास त्याच्या निराळ्या धर्ममतामुळें दूर केलें, तेव्हां क्रॉमवेलनें त्यास बजाविलें कीं, राष्ट्र आपल्या सेवेसाठीं माणसें निवडतें तेव्हां त्यांचीं मतें पाहत नाहीं. तीं निष्ठेनें सेवा करण्यास तयार असलीं म्हणजे झालें. सतराव्या शतकांतील युरोपांत, जेथें धर्ममतासाठीं माणसें देशोधडीस लागत, तेथें हा विचार फार पुढचा होता. मात्र कॅथॉलिक लोकांस ह्या उदारपणाचा लाभ मिळाला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

त्याच्या स्वारांचें युद्धतंत्र समजून घेण्यासारखें आहे. रूपर्टचे स्वार भरधाव तुटून पडत आणि समोरचा शत्रु पळाला म्हणजे त्याचा पाठलाग करीत किंवा सामानाची लूट करीत दूर निघून जात. त्यांस पुन्हां एकत्र करणें फार कठीण पडे. क्रॉमवेलचे स्वार एकमेकांस चिकटून, गुडघ्यास गुडघा लावून, आटोपशीर चालीनें पुढें जात. पहिला हल्ला झाल्यावर ते थांबत, पुन्हां रांगा जुळवीत, आणि आज्ञा होईल त्या दिशेस वळत. ऐकावयास ही गोष्ट लहान वाटते. परंतु जय झाल्याच्या क्षणीं स्वतःस आवरणें हें हल्ला करण्यापेक्षांही अवघड असतें.

ह्या शिस्तीची खरी परीक्षा ता. २ जुलै १६४४ रोजीं यॉर्क शहराजवळ मार्स्टन मूर ह्या माळावर झाली. पार्लमेंटाच्या मदतीस स्कॉटलंडचें सैन्य आलें होतें, आणि दोन्ही बाजूंचे मिळून ४०,००० हून अधिक लोक समोरासमोर उभे होते. दिवस कलला, आज लढाई होत नाहीं असें समजून राजपक्षाचे लोक विसावले. इतक्यांत संध्याकाळीं सातच्या सुमारास पार्लमेंटाचें सैन्य पुढें सरकलें. डाव्या बाजूस क्रॉमवेलच्या मानेस जखम झाली, तरी डेव्हिड लेस्ली ह्याच्या स्कॉटिश स्वारांच्या साह्यानें त्याच्या घोडदळानें रूपर्टच्या स्वारांस पार उधळून लाविलें. उजवीकडे मात्र पार्लमेंटपक्षाची धूळधाण झाली होती. क्रॉमवेलचे स्वार पाठलागाच्या नादीं लागले असते, तर लढाई हातची गेली असती. ते थांबले, रांगा जुळवून रणांगण ओलांडून पलीकडे गेले, आणि जिंकलेल्या शत्रूवर मागून तुटून पडले. राजपक्षाचे सुमारें ४,००० लोक पडले, आणि उत्तर इंग्लंड राजाच्या हातून गेलें. ह्या काळापासून क्रॉमवेलला, व पुढें त्याच्या स्वारांनाही, ‘आयर्नसाइड’ म्हणजे लोखंडी बाजूचा असें नांव पडलें.

लढाईनंतर तीन दिवसांनीं आपल्या मेहुण्यास, कर्नल व्हॅलेंटाइन वॉल्टन ह्यास, त्यानें पत्र लिहिलें. वॉल्टनचा तरुण मुलगा तोफेच्या गोळ्यानें पाय तुटून मरण पावला होता. त्याच वर्षीं क्रॉमवेलचा स्वतःचा मुलगा ऑलिव्हर छावणींत देवीच्या रोगानें वारला होता. एका बापानें दुसऱ्या बापाचें सांत्वन करावें तसें तें पत्र आहे. आपल्यावरही असाच प्रसंग आला व प्रभूनें आपणांस तारून नेलें, ह्याची त्यानें त्यांत आठवण दिली आहे. परंतु त्याच पत्रांत शत्रूचे लोक देवानें आपल्या तरवारीपुढें गवताच्या काडीसारखे केले, असेंही तो लिहितो. कोमलता आणि कठोरपणा एकाच मनांत किती जवळ जवळ राहतात, हें येथें दिसतें.

ह्या जयानंतरही युद्ध लांबत चाललें. मँचेस्टरचा अर्ल, ज्याच्या हाताखालीं क्रॉमवेल लढत होता, त्यास राजाचा पुरता पराभव करण्याची भीति वाटे. आपण राजास नव्याण्णव वेळां जिंकिलें तरी तो राजाच राहणार, परंतु तो एकदां जिंकला तर आपण फांसावर जाऊं, असें त्याचें म्हणणें होतें. असें असेल तर शस्त्र उचललेंच कशाला, असें क्रॉमवेलनें विचारिलें. अखेर पार्लमेंटानें १६४५ च्या एप्रिल महिन्यांत असा ठराव केला कीं, दोन्ही सभागृहांच्या सभासदांनीं आपलीं लष्करी पदें सोडावीं. ह्यायोगें बडे उमराव सैन्यांतून दूर झाले. त्याच वर्षीं सुमारें २२,००० लोकांचें एक नवें सैन्य उभारण्यांत आलें. त्याला ‘नव्या नमुन्याचें सैन्य’ असें म्हणतात. तांबडे डगले, नियमित पगार आणि एकछत्री हुकूम हीं त्याचीं लक्षणें होतीं. स्वारास रोजचे दोन शिलिंग व पायदळाच्या शिपायास आठ पेन्स ठरले. तेहतीस वर्षांचा सर टॉमस फेअरफॅक्स हा मुख्य सेनापति झाला. ठरावाप्रमाणें क्रॉमवेललाही पद सोडावें लागणार होतें. परंतु फेअरफॅक्सनें त्याचीच मागणी केली, आणि तो घोडदळाचा सेनापति नेमला गेला.

ता. १४ जून १६४५ रोजीं नेझबी येथें ह्या सैन्याची व राजाची गांठ पडली. पार्लमेंटाकडे सुमारें १४,००० व राजाकडे सुमारें ९,००० लोक होते. एका बाजूस रूपर्टनें पार्लमेंटाचे स्वार उधळिले आणि नेहमींप्रमाणें त्यांच्यामागें सामानाच्या गाड्यांपर्यंत धांव घेतली. दुसऱ्या बाजूस क्रॉमवेलनेंही समोरचे स्वार पळवून लाविले. परंतु पाठलागास थोडेच लोक पाठवून बाकीचे त्यानें राजाच्या पायदळावर वळविले. रूपर्ट परत येईपर्यंत लढाई संपली होती. राजाचे चार हजारांहून अधिक लोक कैद झाले, व परकीय सैन्याची मदत मागणारीं त्याचीं खासगी पत्रेंही सांपडलीं. एकाच दिवशीं, एकाच माळावर, दोन घोडदळांनीं सारखाच पहिला जय मिळविला. एकास स्वतःस आवरतां आलें, दुसऱ्यास आलें नाहीं. पुढील वर्षीं जून महिन्यांत राजाची राजधानी ऑक्सफर्ड शरण आली, व पहिलें युद्ध संपलें.

येथपर्यंतची कथा सांगतांना शिक्षकास आनंद होतो. परंतु इतिहास अर्धाच सांगणें हें एक प्रकारचें असत्य आहे. त्याच नेझबीच्या माळाजवळ पळणाऱ्या सैन्याबरोबरच्या शंभरांहून अधिक निराधार स्त्रियांस पार्लमेंटाच्या शिपायांनीं ठार मारिलें, हेंही खरें आहे. जय मिळत गेले, तसतशी क्रॉमवेलच्या मनांत एक समजूत दृढ होत गेली: आपणांस जय मिळतो तो देव देतो, ज्या अर्थीं देव जय देतो, त्या अर्थीं आपण करितों तें देवास मान्य आहे. लहानपणीं शाळेंत पेरलेलें बीज आतां वृक्षाएवढें झालें होतें. सन १६४८ मध्यें युद्ध पुन्हां पेटलें, तेव्हां ऑगस्ट महिन्यांत प्रेस्टन येथें त्यानें स्कॉटिश सैन्य बुडविलें. देवानें एकदां निकाल दिला असतां राजानें पुन्हां रक्त सांडविलें, अशी सैन्याची खात्री झाली. डिसेंबरांत सैन्यानें विरुद्ध मताच्या सभासदांस पार्लमेंटाच्या दारांतूनच परत लाविलें. उरलेल्यांनीं राजावर खटला भरला, आणि ता. ३० जानेवारी १६४९ रोजीं चार्ल्सचा शिरच्छेद झाला. मृत्युदंडाच्या हुकुमावर ५९ सह्या आहेत. त्यांतील तिसरी क्रॉमवेलची आहे.

त्याच वर्षीं तो आयर्लंडांत गेला. ता. ११ सप्टेंबर रोजीं ड्रॉहेडा हें तटबंदीचें शहर घेतल्यावर त्याच्या हुकुमानें तेथील शिबंदीची कत्तल झाली. तींत धर्मगुरु व कांहीं नागरिकही मारले गेले. मृतांची संख्या सुमारें तीन हजार होती. सन १६४१ च्या बंडांत आयर्लंडांत प्रॉटेस्टंट लोकांच्या हत्या झाल्या होत्या, त्यांबद्दल देवानें केलेला हा न्याय होय, असें त्यानें लिहिलें. परंतु वस्तुस्थिति काय होती? ड्रॉहेडा शहर त्या बंडांत सामील झालें नव्हतें; उलट बंडखोरांचा वेढा त्यानें महिनोन्महिने सोसला होता. शिवाय त्या शिबंदींत पुष्कळ इंग्रज शिपाई होते. ज्यांनीं तो अपराध केलाच नव्हता, त्यांस देवाचें नांव घेऊन शिक्षा झाली. आयरिश लोक ती गोष्ट आजही विसरलेले नाहींत.

सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट पुढील वर्षीं घडली. सन १६५० च्या ऑगस्ट महिन्यांत, स्कॉटलंडावर स्वारी केली असतां, तेथील धर्मसभेस त्यानें पत्र धाडून कळकळीनें विनविलें कीं, आपलीच चूक होत असेल हें शक्य आहे, एवढा तरी विचार करा. ह्याहून नम्र व शहाणपणाची विनंति कोणीं केली असेल असें मला वाटत नाहीं. परंतु तोच प्रश्न ड्रॉहेडाच्या तटाखालीं उभें राहून त्यानें स्वतःस विचारिला असता तर! स्कॉटिश लोकांनीं त्याचें ऐकिलें नाहीं. ता. ३ सप्टेंबर १६५० रोजीं डनबार येथें आपल्याहून सुमारें दुप्पट असलेलें त्यांचें सैन्य त्यानें मोडिलें, आणि बरोबर एक वर्षानें वूस्टर येथें शेवटची लढाई जिंकिली. त्याची समजूत आणखीच पक्की झाली.

पुढचा वृत्तान्त थोडक्यांत सांगतों. ता. २० एप्रिल १६५३ रोजीं क्रॉमवेलनें बंदूकवाले शिपाई आणून उरलेलें पार्लमेंट बंद केलें. ज्या सभागृहांत राजा शिपाई घेऊन शिरला म्हणून युद्ध पेटलें, त्याच सभागृहांत पार्लमेंटाचा सेनापति शिपाई घेऊन शिरला. डिसेंबरांत तो ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ म्हणजे राष्ट्रसंरक्षक झाला. १६५७ मध्यें देऊं केलेला राजमुकुट त्यानें नाकारिला, व १६५८ मध्यें ता. ३ सप्टेंबर ह्याच दिवशीं तो मरण पावला. दोन वर्षांत राजसत्ता परत आली. १६६१ मध्यें त्याचें प्रेत उकरून फांसावर लटकविण्यांत आलें. त्याचें मस्तक पुष्कळ वर्षें हातोहात फिरून अखेर १९६० मध्यें त्याच्याच जुन्या कॉलेजांत पुरण्यांत आलें. पार्लमेंटाच्या बाहेर १८९९ पासून त्याचा पुतळाही उभा आहे. त्याचा धिक्कार करावा कीं सन्मान, हें त्याच्या देशास आजवर एकमतानें ठरवितां आलें नाहीं.

विद्यार्थ्यांनो, क्रॉमवेलच्या उदयापासून घ्यावयाचा पहिला धडा उघड आहे. उच्च कुळ, संपत्ति किंवा लहानपणापासूनचें शिक्षण ह्यांवांचूनही मनुष्य मोठें कार्य करूं शकतो. मात्र त्यास आपला हेतु स्पष्ट कळला पाहिजे, बरोबरीचीं माणसें पारखतां आलीं पाहिजेत, आणि स्वतःस आवरतां आलें पाहिजे. दुसरा धडा कठीण आहे, व तो पालकांनींही मुलांबरोबर घ्यावा असा आहे. यश मिळालें म्हणजे आपली बाजू न्यायाची ठरली, असें होत नाहीं. आपल्या प्रभूस तर जगाच्या दृष्टीनें क्रूसावर पराभवच पत्करावा लागला. मग जय हेंच देवाच्या संमतीचें चिन्ह आपण कसें मानावें? रणांगणावर जयाच्या क्षणीं क्रॉमवेल आपल्या घोड्यांस आवरूं शकला. जयाच्या क्षणीं आपल्या मनास आवरणें त्यास नेहमींच साधलें नाहीं. परीक्षेंत, खेळांत किंवा प्रपंचांत तुम्हांस जेव्हां जय मिळेल, तेव्हां क्षणभर थांबा, आणि स्कॉटिश लोकांस त्यानें केलेली ती विनंति स्वतःस करून पाहा.